भरलेली कॉइल

आई बाथरूममध्ये पडली आणि तिचं मनगट मोडलं, असं कळलं म्हणून तेजश्री रजा टाकून चाकणहून नाशिकला आली. इंदिरानगरच्या सोसायटीत गाडी लावताना तिला आधी दिसली ती बाबांची मोटारसायकल. भिंतीला टेकवून ठेवलेली, सीटवर धुळीचा थर, हँडलला कोळ्याचं जाळं. तिला चुकल्याचुकल्यासारखं झालं. ती गाडी पुसलेली नाही असा दिवस तिने लहानपणापासून पाहिला नव्हता.

तिचे वडील गोविंदराव पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त झाले होते. सगळी नोकरी कळवण तालुक्यात. गावोगावी गुरांना लस टोचायची, अडलेली गाय सोडवायची, मोडलेला पाय बांधायचा. हुद्दा काहीही असो, लोक त्यांना डॉक्टर म्हणायचे. त्या सगळ्या फिरतीत त्यांच्याखाली हीच टू-स्ट्रोक गाडी होती. आता वय झालं, केस पांढरे झाले, पण दूध आणायला जायचं तरी ते हीच गाडी काढायचे.

"बंद पडलीय," आई म्हणाली. तिचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये होता. "मेकॅनिक म्हणाला, मॅग्नेटची कॉइल गेली. कंपनीचा पार्ट आता येत नाही. डुप्लिकेट बसवता येईल, पण त्याचा भरवसा नाही म्हणे."

"डुप्लिकेट नको," बाबा आतून म्हणाले. "आहे तीच नीट करायची."

"ऐकलंस ना? सकाळपासून हेच चाललंय."

तेजश्री हसली. चाकणच्या कारखान्यात ती मोटारींच्या वाइंडिंगचा विभाग सांभाळायची. जळालेली मोटर भरणं हे तिचं रोजचं काम, आणि गाडीची कॉइल म्हणजे तरी दुसरं काय? ती म्हणाली, "मी भरून देते, बाबा. नवीन कशाला?"

बाबांचा चेहरा उजळला. आईचा मात्र पडला. बाबा खाली गाडी पुसायला गेले तशी आई हळूच म्हणाली, "तेजू, राहू दे ना ती बंद. बंद पडली ते बरंच झालं."

"का गं?"

आई क्षणभर तिच्याकडे पाहत राहिली. काहीतरी सांगेल असं वाटलं. मग म्हणाली, "या वयात कशाला हवीय गाडी? बाहेर ट्रॅफिक बघ किती वाढलंय."

आया बोलतात तसलंच ते बोलणं होतं. तेजश्रीने ते कानाआड केलं.

दुसऱ्या दिवशी तिने गाडीचं साइड कव्हर उघडलं. पुलर लावून मॅग्नेटची जड वाटी ओढून काढली. आत गोल प्लेट, तिच्यावर तारेच्या गुंडाळ्या. वाटी भोवती फिरली की त्या गुंडाळ्यांत वीज तयार होते. काही गुंडाळ्या दिव्यांसाठी, एक ठिणगीसाठी. प्लेट सोडवण्याआधी ती नेमकी कुठे बसली होती त्याची खूण तिने खिळ्याने ओढून ठेवली. मग मीटर लावला. दिव्यांच्या कॉइलवर काटा हलला. ठिणगीच्या कॉइलवर तो जागचा हलेना. वरची पट्टी सोलली तर आतून करपलेल्या वॉर्निशचा वास आला.

"मेली," ती म्हणाली.

"मेली नाही," बाबा म्हणाले. "आजारी आहे."

तिने जुनी तार उलगडत, वेढे मोजत सगळी काढली. केसासारखी बारीक तार, आतल्या थरात काळी पडून तुटलेली. तसलीच तार आणि कागद तिने भद्रकालीतल्या वाइंडिंगच्या दुकानातून आणला. पार्किंगमध्ये एक जुना स्टूल ठेवला, त्यावर शिकंजा, शिकंज्यात हाताने फिरवायचं ड्रिल. ड्रिलला कॉइलचा गाभा अडकवून ती फिरवू लागली आणि बाबा समोर बसून तारेचं रीळ धरू लागले. त्यांनी बोटांत जुन्या बनियनचा तुकडा घेतला होता आणि त्यातून तार सोडत होते. ताण एकसारखा, ना सैल ना घट्ट. कारखान्यात नव्या मुलींना हे शिकवायला तिला महिना जायचा.

"हात छान आहे तुमचा, बाबा."

"वासराला टाके घालताना असाच दोरा सोडायचा असतो," ते म्हणाले. "ओढला तर कातडी फाटते. सैल सोडला तर जखमेचं तोंड मिटत नाही."

मध्ये शेजारच्या बाईंनी हाक मारली आणि तेजश्रीचा आकडा चुकला. तिने कपाळाला हात लावला. सगळं उलगडून पुन्हा भरायचं की काय? पण बाबांनी चटकन आकडा सांगितला. इतक्या खात्रीने, की तिने तोच धरून पुढे मोजायला सुरुवात केली. तो आकडा बरोबर होता की त्यांच्या तोंडाला आला तो, हे तिला पुढे कधीच कळलं नाही.

थोड्या वेळाने ते म्हणाले, "आशा, पाणी देतेस का जरा?"

आशा म्हणजे त्यांची धाकटी बहीण. ती वारून वर्षं झाली होती.

"बाबा, मी तेजू."

"हो, तेच म्हटलं मी."

ती हसली आणि पाणी आणायला उठली. वरच्या गॅलरीत आई उभी होती. तिने हे ऐकलं असावं. तेजश्रीने वर पाहिलं तशी ती आत निघून गेली.

भरलेल्या कॉइलला वॉर्निश लावून तिने ती गच्चीवर उन्हात वाळवली, मग केक करायच्या जुन्या ओव्हनमध्ये मंद भाजली. घरभर वास सुटला. त्या दिवसांत बाबा खुशीत होते. वेळेवर जेवायचे, खोलीतल्या खोलीत येरझाऱ्या घालणं बंद झालं होतं. तेजश्रीला वाटलं, माणसाला काम नसतं म्हणून तो म्हातारा होतो. ती हे आईला म्हणालीही.

प्लेट खुणेवर बसवून, वाटी घट्ट करून तिने प्लग इंजिनाला टेकवला आणि किक मारली. निळी ठिणगी तडतडली. पुढची किक बाबांनी मारली. गाडी खोकली, पांढरा धूर ओकली आणि सुरू झाली. तो जुना फटफटाट पार्किंगमध्ये घुमला. सोसायटीतली माणसं गॅलरीत आली. बाबा हँडलवर हात ठेवून उभे होते आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

त्यानंतरच्या एका दुपारी आई औषधाच्या गुंगीत झोपली होती. बाबा स्वेटर घालून, मफलर गुंडाळून तेजश्रीसमोर येऊन उभे राहिले.

"चावी देतेस का? पंपावर जाऊन येतो. टाकीत थेंबभरच आहे."

"लवकर या. चहा टाकते."

"हा आलोच."

तिने खिळ्यावरची चावी काढून त्यांच्या हातात दिली. हेल्मेटची काचसुद्धा स्वतःच्या ओढणीने पुसून दिली.

चहा उकळून आटला. आई उठून बाहेर आली. "मघाशी गाडीचा आवाज आला का गं?"

"बाबा पंपावर गेलेत."

आईने भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं. "चावी तू दिलीस?"

"हो. का?"

आई खुर्चीपर्यंतही पोचली नाही. तिथेच जमिनीवर बसली. मग सगळं बाहेर आलं. पावसाळ्यापासून हे चाललं होतं. मेंदूच्या डॉक्टरांना दाखवलं होतं, गोळ्या सुरू होत्या. मंडईत गेलेले बाबा एकदा द्वारका चौकात सापडले, रिक्षावाल्याने घरी आणून सोडलं. एकदा पाथर्डी फाट्यावर गाडी उभी करून रस्त्याच्या कडेला बसले होते. कुठे जायचंय हे सांगता येत नव्हतं.

"आणि हा हात बाथरूममध्ये नाही मोडला," आई म्हणाली. "ते निघाले होते. कळवणला गुरांच्या लसीकरणाचा कॅम्प आहे म्हणत होते. मी गाडी मागून धरून ठेवली. त्यांनी जोर लावला, गाडी कलंडली, माझ्या हातावर पडली. त्यानंतर आठवड्याने गाडीच बंद पडली. त्या दिवशी मी देवापुढे साखर ठेवली, तेजू."

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगायचं? तुझे बाबा वेडे व्हायला लागलेत म्हणून? तू आलीस की ते किती शहाण्यासारखे वागतात, पाहिलंस ना? मला वाटलं, तुझ्यासमोर तरी आहेत तसे राहू देत."

तेजश्रीने आईला शेजारी बसवून आपली कार काढली. आधी जवळचे पंप, मग पाथर्डी फाटा, मुंबई नाका, द्वारका. बाबांचा फोन घरी चार्जिंगला लावलेला होता. पोलीस चौकीत तक्रार देऊन ती बाहेर पडत होती, तेव्हा आईच्या फोनवर अनोळखी नंबर वाजला. ऊन उतरायला लागलं होतं.

"ह्यो नंबर स्वेटरच्या आत शिवलाय," पलीकडून एक पुरुष बोलत होता. "म्हातारा तुमचाच का?"

स्वेटरच्या आत दोऱ्याने नंबर शिवल्याचंही तेजश्रीला तेव्हाच कळलं. तिने आईच्या हातातून फोन घेतला. "हो, माझे वडील आहेत ते. बरे आहेत ना?"

"ते बरे हाईत," तो माणूस म्हणाला आणि थांबला. "माझ्या आईला उडवलीय त्यांनी. कळवणला या. सरकारी दवाखान्यात."

दिंडोरी, वणी, नांदुरी. आई प्रत्येक पाटीवरचे किलोमीटर वाचत राहिली.

काय घडलं ते तेजश्रीला दवाखान्याच्या आवारात जमलेल्या लोकांकडून तुकड्यातुकड्याने समजलं. नांदुरीच्या पुढे कांद्याची लागवड उरकून बायका रस्त्याच्या कडेने घरी निघाल्या होत्या. सगळ्यांत मागे कुसाबाई होती, साठीची, काठी टेकत चालणारी. मागून गाडी आली आणि तिला घेऊन पडली. पुढच्या बायका ओरडत गावाकडे माणसं बोलवायला पळाल्या.

माणसं आली तेव्हा एक म्हातारा कुसाबाईजवळ गुडघे टेकून बसला होता. तिच्याच काठीचे दोन तुकडे करून त्याने मोडलेल्या पायाच्या दोन्ही बाजूंना लावले होते, आपला मफलर फाडून पाय पद्धतशीर बांधला होता. एक हात तिच्या कपाळावर ठेवून तो हलक्या आवाजात म्हणत होता, "हो, हो, शांत. उठायचं नाही बरं, उठायचं नाही." लोकांना वाटलं, कुणी देवमाणूस आहे. कुणीतरी त्याला पाणी दिलं.

पाणी पिऊन त्याने सगळ्यांकडे पाहिलं आणि संतापाने विचारलं, "कोणी उडवलं हिला? थांबलासुद्धा नाही का तो? पळाला?"

कुसाबाईने बोट उचललं. "ह्योच," ती म्हणाली. "ह्याचीच गाडी."

मग लोकांचा हात सुटला. दोन थपडा बसल्या, चष्मा फुटला. शेतातून धावत आलेला कुसाबाईचा मुलगा मोतीराम मध्ये पडला नसता तर आणखी बसल्या असत्या. त्याने म्हाताऱ्याला ओळखलं होतं. मोतीराम पोरगा असताना हा माणूस याच गाडीवर त्यांच्या गोठ्यात यायचा.

बाबा व्हरांड्यात बाकावर बसले होते. गाल सुजला होता, कोपर खरचटलं होतं. तेजश्रीला पाहताच त्यांनी ओळखलं. "तेजू, बरं झालं आलीस. इथे एका बाईला कुणीतरी गाडीने उडवलंय बघ. लोक फार बेजबाबदार झालेत."

कुसाबाईला नाशिकला हलवत होते. स्ट्रेचर समोरून गेलं. पायाला अजून तोच मफलर होता. राखाडी रंगाचा, तेजश्रीने मागच्या हिवाळ्यात पुण्याहून आणलेला.

पोलीस ठाण्यात फौजदाराने साध्या आवाजात विचारलं, "यांचं लायसन्स संपलेलं आहे. मनाची अवस्था ही अशी. मग गाडीची चावी यांच्याकडे कशी आली?"

"खिळ्याला होती," आई लगेच म्हणाली. "आम्ही दोघी झोपलो होतो. यांनी न विचारता घेतली."

फौजदार लिहायला लागला. तेजश्रीने शेजारी पाहिलं. बाबा मांडीवर हात जोडून बसले होते, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखे. आयुष्यभर लोकांच्या दारात गेलेला हा माणूस. कुणाच्या घरचा तांब्यासुद्धा त्याने न विचारता उचलला नव्हता. चावीही त्याने मागूनच घेतली होती. बाकी सगळं त्याच्या नावावर चढणार होतं, ते खरंच होतं. पण हे खरं नव्हतं.

"नाही," ती म्हणाली. "चावी त्यांनी मागितली आणि मी दिली. गाडी बंद होती, ती दुरुस्तही मीच केली."

टेबलाखाली आईने डाव्या हाताने तिचा दंड घट्ट धरला.

फौजदाराने पेन खाली ठेवलं. "मॅडम, विचार करून बोला. लायसन्स नसलेल्याला गाडी दिली तर तुमचंही नाव यात येतं."

"येऊ द्या."

परतताना मागच्या सीटवर बाबा झोपले. दिंडोरी गेल्यावर आई म्हणाली, "मी तुला वाचवत होते."

"माहितीय मला."

"नाही, तुला काही माहिती नाही. मी म्हटलं होतं राहू दे बंद. म्हटलं होतं की नाही?"

"कारण सांगितलं नव्हतंस, आई."

"म्हणजे आता माझ्यावरच?"

तेजश्रीने गिअर बदलला. चूक कुणाची किती, हे ती रस्ताभर मनात वाटत आली होती आणि वाटणी जमत नव्हती. पण कुठल्याही वाटणीत तिचा स्वतःचा वाटा लहान होत नव्हता.

कुसाबाई आणखी दोन दिवस जगली. पाय नीट बांधला गेला होता, पण पोटात रक्तस्राव झाला होता आणि तो उशिरा ध्यानात आला. शवविच्छेदनगृहाबाहेर मोतीराम एकटाच उभा होता. गावची माणसं गाडी आणायला गेली होती. तेजश्री त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. काय बोलायचं ते ठरवून आली होती, ते सगळं विसरली.

"ती गाडी बंद पडलेली होती," ती म्हणाली. "मी चालू केली. चावीपण मीच दिली त्यांना. मी तुमची—"

"पोलिसाला सांगितलं ना हे?"

"हो."

"मंग झालं." त्याच्या आवाजात राग नव्हता. थकवा होता. "मला कशापायी सांगता? मी काय करू त्याचं? माझ्याकडं ठिवायला जागा नाय आता."

जावं की थांबावं तिला कळेना. थोड्या वेळाने तोच बोलला, स्वतःशी बोलावं तसा.

"आई शुद्धीत होती तवा बोलली, पाय बांधताना म्हाताऱ्यानं अजिबात दुखवलं नाय. म्हनली, हात लय हलका हाय." त्याने खांद्यावरच्या टॉवेलने तोंड पुसलं. "तेच आठवत राहिलंय मला. शिव्या द्यायला बसावं, तर तेच आठवतं."

आतून कर्मचाऱ्याने हाक मारली. गुंडाळलेला देह बाहेर आणायचा होता आणि गावची माणसं अजून आली नव्हती. मोतीरामने इकडेतिकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं.

"एक बाजू धरता का?" तो म्हणाला.

तिने धरली. दारापासून झाडाच्या सावलीपर्यंत दोघांनी कुसाबाईला आणलं. ती फार हलकी होती.

तेजश्री पुन्हा चाकणला गेली नाही. तिने अंबडच्या एका लहान कारखान्यात काम धरलं आणि इंदिरानगरलाच राहिली. आईचं प्लॅस्टर निघालं, पण मनगट वाकडंच जुळलं. दोघी एका स्वयंपाकघरात वावरायच्या, औषधांच्या वेळा सांगायच्या, भाजी निवडायच्या. त्या संध्याकाळबद्दल मात्र दोघींच्या तोंडून शब्द निघत नव्हता. बाबा दिवसेंदिवस आत आत जात होते. आधी सोसायटीचं नाव गेलं, मग शेजाऱ्यांचं. एके सकाळी त्यांनी आईला विचारलं, "बाई, तुम्ही कुठल्या गावच्या?" आई आत गेली आणि पाण्याचा नळ सोडून बराच वेळ तशीच उभी राहिली.

कोर्टाच्या तारखा कळवणला पडायच्या. बाबांवर खटला चालवता येतो की नाही, याचीच आधी तपासणी व्हायची होती, म्हणून त्यांना न्यावं लागायचं. त्यांना तो प्रवास आवडायचा. खिडकी उघडी ठेवून ते डोंगरांकडे पाहत राहायचे.

अशाच एका तारखेला आवारातल्या लिंबाखाली मोतीराम उभा होता. तेजश्रीने त्याला पाहिलं आणि बाबांचा हात धरून ती दुसऱ्या बाजूने वळणार, तोच बाबा थांबले. त्यांनी मोतीरामकडे निरखून पाहिलं. मग हात सोडवून घेत दोन पावलं पुढे गेले आणि नमस्कार केला.

"राम राम. गुरं बरी आहेत ना घरची?"

मोतीराम त्यांच्याकडे पाहत राहिला. आजूबाजूची एक-दोन माणसं बोलायची थांबली.

"बरी हाईत, डॉक्टर," मोतीराम म्हणाला. मग तो वळला आणि कोर्टाच्या पायऱ्या चढून आत गेला.